मावशींनी धुतलेले तळे

देवापुढे जोडावेत म्हणून हात सगळ्यांनाच मिळाले आहेत; परंतु ज्या हातांकडे देवानेही घटकाभर थांबून पाहावे, असे हात विरळा. फिनेलने भेगाळलेले तळवे, सदा ओली असल्यामुळे पांढुरकी झालेली बोटांची पेरे, उजव्या तळहातावर पोछ्याच्या दांड्याने उठवलेला घट्टा. त्या हातांची ही कथा आहे. आणि मायबापहो, त्या हातांकडून झालेल्या एका चुकीचीही आहे. चूक सांगायची ती निंदेसाठी नव्हे. प्रेमापोटी झालेली चूक प्रेमानेच सांगावी लागते.

हे हात मावशींचे. इस्पितळात साफसफाई करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, रुग्ण म्हणतात, रुग्णाला भेटायला आलेला परका माणूसही पहिल्याच दिवशी ‘मावशी, जरा इकडे’ म्हणतो. छत्तीस वर्षे हे नाते त्यांनी निभावले. त्या निवृत्त झाल्या तेव्हा नोकरी सुटली, नाते मात्र सुटले नाही; कॉलनीतल्या लहानथोरांच्याही त्या मावशीच राहिल्या. त्यांचे यजमान त्याच इस्पितळाची रुग्णवाहिका चालवीत. त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत. गुडघ्यांनी त्यांना खिडकीशी बसवले होते, पण जिभेला काही झाले नव्हते. ते म्हणत, “हिच्यामुळे मला शहरभर भाचेच भाचे. कुणाचाही कान पिळावा, कुणी विचारत नाही.”

मावशींची स्वच्छता कशी होती, ते आधी ऐका. तीन बादल्या: एक साबणाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची, एक औषधाची. पोछा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यातून सुरू करायचा, आठाच्या आकड्यासारखा फिरवत मागे मागे सरकायचे आणि दाराशी येऊन थांबायचे. आपल्या पावलाची खूणदेखील आत राहता कामा नये. शस्त्रक्रियेच्या खोलीची फरशी त्या अशी पुसत, की मोठे डॉक्टर दाराशी क्षणभर घुटमळत. आपण इथे पाय ठेवावा की नाही, असा त्यांना संकोच वाटे. त्या फरशीवर किती जीव वाचले, ते डॉक्टरांना ठाऊक. त्या वाचण्यात एका पोछ्याचा वाटा किती होता, ते वरच्याला ठाऊक.

कॉलनीच्या मागे एक तळे होते. चपलेच्या ठशासारखा त्याचा आकार. एका अंगाला दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला पुरुषभर उंच पाणकणसांचे रान. तळाशी झरा असल्यामुळे ते कधी पुरते आटत नसे. मावशींच्या मागच्या खिडकीतून ते दिसे. त्या रानात एक पाणकोंबडी राही. सकाळी तिने आवाज दिला की ड्रायव्हरसाहेब रक्तदाबाची गोळी घेत. “घड्याळ विसरतं,” ते म्हणत, “ही बाई विसरत नाही.”

पण तळ्याची अवस्था वाईट होती. प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, कुणाची तरी फाटकी गादी, तीन पायांची खुर्ची. एके दिवशी कॉलनीच्या सभेत सेक्रेटरी उठले. ते मनाने वाईट गृहस्थ नव्हेत. फक्त प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलेला त्यांना आवडे. ते म्हणाले, “हे डबकं बुजवून टाकू. गाड्या उभ्या करायला जागा होईल. नाही तरी त्यात आणि कचराकुंडीत फरक काय राहिलाय?”

हा शब्द मावशींच्या काळजाला लागला. मळलेल्या माणसाला कुणी टाकून देते का हो? त्याला न्हाऊ घालतात. मावशी उभ्या राहिल्या. “बुजवू नका. मी धुऊन देते.”

“तळं धुणार?” सेक्रेटरी हसले. “मावशी, इस्त्रीपण करणार का?”

“तुम्ही सुकवायला दोरी बांधा,” मावशी म्हणाल्या, “इस्त्रीचं मग बघू.”

सभा हसली, आणि हसता हसता वीस जण त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या, बागेचे माळीबुवा आले, दुकानदार आले, घरी बसलेले आले. उन्हाळ्यात पाणी उतरले तसे सहा रविवार काम चालले.

पहिले तीन रविवार पिशव्या निघाल्या, काच निघाली, गादी निघाली, खुर्ची निघाली. किती आनंद! तळ्याने जणू पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला. अहो, तिथेच थांबायचे होते! तिथे थांबले असते तर ही कथा घडलीच नसती. पण छत्तीस वर्षे ज्या हाताला ‘अजून एक कोपरा राहिला’ असे वाटत आले, तो हात थांबेल कसा?

चौथ्या रविवारी पाणकणसांचे रान मुळासकट उपटले. पाचव्या रविवारी पायऱ्यांवरचे आणि काठच्या दगडांवरचे शेवाळ काथ्याच्या ब्रशाने घासून काढले. सहाव्या रविवारी पाण्यात पडलेल्या फांद्या, कुजलेली पाने, काठाचा काळा गाळ, सगळे पाट्यांनी उपसून माळीबुवांच्या शेडमागे ढीग घातला. त्याआधी चिमुकले मासे मावशींनी जाळीने धरून माळीबुवांच्या सिमेंटच्या टाकीत हलवले. वॉर्ड धुताना रुग्णांना दुसऱ्या वॉर्डात नेतात, अगदी तसे. काम संपल्यावर तितक्याच मायेने ते परत सोडले.

तळे लखलखले. आरशासारखे. स्वतः सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. मावशी पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, मागे सरकत सरकत दाराशी आलेल्या बाईसारख्या. आत कुठेही पावलाची खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी बगळे आले. लपायला एक काडी नाही, एक सावली नाही. मासे उघड्यावर पडलेले. दोन दिवसांत ते संपले. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरसाहेब हातात गोळी घेऊन खिडकीशी बसून राहिले. नऊ वाजले, दहा वाजले.

“अहो, गोळी घेतली नाहीत?”

“बाईंनी हाक मारली नाही अजून.”

पाणकोंबडी गेली होती. चतुर गेले होते, बेडूक गेले होते. मावशी म्हणाल्या, “येतील. घर झाडल्यावर पाहुणे येतातच.” पण त्यांचा आवाज जरा खालचा होता.

आले ते डास. पंधरा दिवसांत एवढे झाले, की संध्याकाळी बोलायला तोंड उघडावे तर दोन आत. महिन्याभरात सेक्रेटरींच्या नातीला ताप भरला. पाच वर्षांची पोर, आठ दिवस अंथरुणाला खिळली. मग आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. त्यांच्याकडे लांब दांड्याचा पांढरा डाव होता. तो त्यांनी काठाकाठाने वीस ठिकाणी बुडवला, आणि दर वेळी वर आला तेव्हा पांढऱ्यावर काळ्या अळ्या वळवळत होत्या. चाळीस, पन्नास, मोजता येईनात. ते म्हणाले, “तीन महिन्यांनी पुन्हा येईन. हेच दिसलं तर बुजवायची शिफारस. कॉलनीला आधीच बुजवायचं असेल तर संमतीचं पत्र द्या, उद्याच काम सुरू होईल.” सेक्रेटरींनी त्याच दुपारी पत्र लिहून सही केली; धाडायचे तेवढे राहिले.

मावशींना वाटले, कुठेतरी घाण राहून गेली. दुसरे काय वाटणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन तळ्याकडे निघाल्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाई फिरून परत येत होत्या. त्यांनी डबा पाहिला आणि वाट अडवली.

“मावशी, हे कशाला?”

“अळ्या मारायला.”

“अळ्या मरतील. आणखी काय काय मरेल?”

“आणखी आहेच काय त्यात?” मावशींनी विचारले, आणि आपलाच प्रश्न ऐकून डब्यावरची त्यांची पकड सैल झाली.

बाईंनी डबा हळूच आपल्या हाती घेतला. “मावशी, डास आठ-दहा दिवसांत वाढतात. त्यांना खाणारे सावकाश वाढतात. चतुराची पिल्लं महिनोनमहिने पाण्याखाली राहतात, पानांच्या गाळात, कणसांच्या मुळाशी. मासे तिथंच लपतात. आपण कचरा काढला ते बरंच केलं. पण त्याच्याबरोबर त्यांची अंथरूणपांघरुणंही काढली.”

पांघरूण! हा शब्द ऐकला आणि मावशी तळ्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. बत्तीस वर्षांपूर्वीची एक सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची नवी नेमणूक. एक बाळ नुकतेच जन्मलेले, अंगावर पांढरा, लोण्यासारखा थर. मावशींना वाटले मळ. त्यांनी कोमट पाण्याचा फडका घेतला आणि कौतुकाने ते चिमणे अंग स्वच्छ पुसून काढले. मुख्य सिस्टर धावत आल्या, फडका हिसकावला. म्हणाल्या, “अगं वेडे, तो मळ नाही! देवानं दिलेलं पांघरूण आहे ते. आत अंगावर होतं, बाहेर दोन दिवस तेच त्याला ऊब देतं.” बाळ गारठून निळसर झाले होते. सिस्टरनी ते मावशींच्याच छातीशी घट्ट धरायला लावले. तासाभराने त्याचे पाय कोमट झाले. तोवर मावशी हलल्या नव्हत्या.

“बाई,” मावशी पायरीवरून म्हणाल्या, “मी पुन्हा पुसलं.”

शास्त्राच्या बाईंना अर्थ कळला नाही, पण त्या शेजारी बसल्या.

उठल्या त्या मावशी थेट सेक्रेटरींच्या दारी गेल्या. नात आत झोपली होती. खिडक्या घट्ट बंद, खोलीत उकाडा. सेक्रेटरी दारातच उभे राहिले.

“बोला मावशी. आता त्या पाण्याचं काय कौतुक सांगायला आलात?”

“पाण्याला बोलू नका. चूक पाण्याची नाही, माझी आहे. मी जास्त धुतलं.”

“म्हणजे घाण काढली म्हणून डास झाले? हे मी सभेत सांगितलं तर लोक माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतील!”

“बघू देत. मी शेजारी पाण्याची पट्टी घेऊन उभी राहीन.”

सेक्रेटरींना हसू आले, आणि हसू आले याचाच राग आला. “माझ्या नातीचे आठ दिवस कसे गेले, ठाऊक आहे तुम्हाला?”

“आहे. रोज संध्याकाळी दाराबाहेर उभी राहून परत जात होते. आत यायला तोंड नव्हतं.” मावशींनी हात जोडले. “पत्र फाडा म्हणत नाही. तीन महिने कपाटात ठेवा. साहेब पुन्हा येतील, त्यांच्या डावात अळ्या निघाल्या तर पहिली पाटी माती मीच टाकीन.”

सेक्रेटरींनी बंद खिडकीकडे पाहिले. मग म्हणाले, “तीन महिने. एक दिवस जास्त नाही. आणि तोवर माझ्या पोरीला खिडकी उघडता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.”

मावशींनी ते असे लक्षात ठेवले, की दुसऱ्या दिवशी स्वतःची मच्छरदाणी कापून त्या घराच्या चारही खिडक्यांना जाळी ठोकून दिली. खिडक्या उघडल्या. वारा आत आला.

मग त्यांनी वीस जणांना पायऱ्यांवर बोलावले आणि सगळे सांगितले. शिवणकामाच्या ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “सहा रविवार कंबर मोडून काढलं, ते आता परत भरायचं? मावशी, मी उसवते तेव्हा गिऱ्हाईक शिव्या घालतं. तुम्हाला कोण घालणार?”

“तूच घाल. पण घालता घालता पाटी उचल.”

ताईंनी दोन्ही केले.

शेडमागचा ढीग वरून वाळला होता; न्यायला ट्रक यायचा तो दोनदा चुकला होता. माळीबुवांनी कुदळ घातली आणि ढिगाच्या पोटात ओल निघाली. पाणकणसांच्या मुळ्यांना तिथे, अंधारात, बोटभर पांढरे कोंब आले होते. मायबापहो, आपण ज्याला ढीग म्हणून टाकतो, त्यातही तो जगवणारा जागा असतो! माळीबुवांनी त्या मुळ्या काठाच्या चिखलात लावल्या. फांद्या पुन्हा पाण्यात आडव्या पडल्या. प्लास्टिकचा तुकडा मात्र एकही आत जाऊ दिला नाही. ताईंनी प्रत्येक पाटी चाळून दिली.

शेवटी कुजलेल्या पानांची पाटी उरली. मावशी म्हणाल्या, “ही माझी.” काळी, ओली, वासाची पाने त्यांनी ओंजळीत घेतली, पाण्यावर हात धरला, आणि हात उघडेना. मूठ आवळलेलीच. छत्तीस वर्षे ज्या हाताने असली वस्तू फक्त उचलली होती, कुठे ठेवली नव्हती, तो हात मनाचे ऐकेना. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

खिडकीतून ड्रायव्हरसाहेब पाहत होते. ज्या गुडघ्यांनी त्यांना वर्षभर घराबाहेर जाऊ दिले नव्हते, त्यांच्यावर जोर देत, भिंतीला धरत ते आले आणि बायकोशेजारी पायरीवर टेकले.

“काय झालं ग?”

“सुटत नाही हो.”

“पेशंट उतरवताना काय म्हणायचो आपण? टाकायचं नाही, उतरवायचं. पायाकडून आधी. सावकाश.” त्यांनी आपला हात तिच्या मुठीखाली धरला. “हं. आता पाणी लागलं बघ. दे सोडून, खाली कुणीतरी धरलंय.”

मूठ उघडली. पाने पाण्यावर पसरली, भिजली, आणि एकेक करून खाली गेली.

पुढचे दिवस कठीण होते. मावशी रोज सकाळी स्वयंपाकघरातला जुना डाव घेऊन काठाशी जात. पहिला महिना अळ्या तशाच. एकदा तर धीर सुटून त्या शास्त्राच्या बाईंच्या दारी गेल्या. “तो डबा द्या.”

“कुठला डबा?” बाईंनी विचारले.

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या आणि परत फिरल्या.

दुसऱ्या महिन्यात माळीबुवांना टाकी रिकामी करताना तळाशी अकरा मासे सापडले. मावशींच्या जाळीतून निसटलेले, बोटाच्या पेराएवढे. “सिस्टर, तुमचे पेशंट आमच्या वॉर्डात राहिले होते,” असे म्हणत त्यांनी बादली आणून दिली. तोवर कणसे कमरेएवढी झाली होती आणि माशांना शिरायला जागा होती. बेडूक आले. चतुर आले, शेपटीची टोके पाण्याला टेकवत अंडी घालू लागले. पाणकोंबडी मात्र आली नाही. ड्रायव्हरसाहेब आता बेडकांच्या भरवशावर गोळी घेत आणि म्हणत, “गातात बेसूर, पण वेळेवर.”

तीन महिने भरले. निरीक्षक आले. सेक्रेटरी आले, त्यांच्या खिशातून घडी घातलेल्या पत्राचे टोक दिसत होते. वीस जण पायऱ्यांवर. मावशी सगळ्यांत खाली, पाण्यालगत.

पहिला डाव. निरीक्षकांनी निरखून पाहिले, ओतून दिला. काही लिहिले नाही. दुसरा, तिसरा, दहावा. सतराव्या डावात ते थांबले.

“आहेत,” ते म्हणाले. “दोन.”

मावशींनी डोळे मिटले. सेक्रेटरी वाकून पाहू लागले, आणि एकदम म्हणाले, “साहेब, हे तिसरं काय आहे?”

डावाच्या काठाशी मातीच्या रंगाचा एक सहापायी किडा होता, ओबडधोबड, गाळातून घडवल्यासारखा. सगळे पाहत असतानाच त्याने तोंडाखालचा आकडा पुढे फेकला आणि एक अळी नाहीशी झाली.

“चतुराचं पिल्लू. आता एक,” निरीक्षक म्हणाले.

थोडा वेळ गेला.

“एकही नाही.”

उरलेले तीन डाव त्यांनी नियमाप्रमाणे घेतले. त्यांत नुसते पाणी होते आणि एकात एक फार गोंधळलेला मासा. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला. “शेवटी एक रकाना असतो. ‘करावयाची कार्यवाही’. यात बुजवणे लिहितात, नाही तर फवारणी.” त्यांनी पेन टेकवला आणि एकेक अक्षर स्वच्छ काढीत लिहिले: काही नको.

सेक्रेटरींनी खिशातले पत्र काढले, मावशींच्या हातात दिले आणि म्हणाले, “हे तुम्हीच ठेवा. माझ्याकडे असलं तर मला पुन्हा निकाल लावावासा वाटेल.” मग, जरा वेळाने, “संध्याकाळी नातीला आणतो. तो किडा दाखवायचाय तिला.”

“आणा,” मावशी म्हणाल्या. “पण पाण्यात हात घालायचा नाही म्हणावं.”

माणसे पांगली. मावशींना पत्राचे काय करावे कळेना. त्यांनी ते वाचलेही नाही, मांडीखाली ठेवले आणि त्यावर बसून राहिल्या. समोर पाण्यावर वाऱ्याने आणलेला पाचोळा तरंगत होता, पायरीवर पुन्हा हिरवा थर धरला होता, एक फांदी अर्धी आत अर्धी बाहेर पडून होती. काही नको. जन्मभर कुणी त्यांना असे सांगितले नव्हते.

खिडकीतून हाक आली, “काय ग, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे की.”

“मग बसलीस कशी? गाडी काढू का?”

“अहो, ओरडू नका,” मावशी म्हणाल्या. “या इकडे. सावकाश या. नुसतं बसायचंय.”

आणि त्यांनी शेजारची पायरी हाताने पुसली नाही. फक्त जरा सरकून जागा केली.